पाटी रंगवायला देऊ नकोस

दादा,

आईच्या गोधडीत इंचाला सहा टाके बसायचे. परवा पट्टी लावून मोजले, तर तीनच भरले आणि ओळ डावीकडे सरकत गेलेली. तिचा हात थरथरतो, हे मला चार महिन्यांपासून माहीत आहे. तुला बोलले नाही. ती दुपारी जरा आडवी झाली की मी तिच्या ओळी उसवून पुन्हा घालायचे. तू घरी येणाऱ्या गिऱ्हाइकांना कौतुकाने दाखवतोस ते टाके माझे आहेत.

काल तिला कळलं. ती दोऱ्याची गाठ मागच्या बाजूला उघडी ठेवते. मी सवयीने गाठ कापडाच्या थरांत ओढून घेते. गोधडी उलटी करून तिने सगळीकडे बोटं फिरवली. म्हणाली, "माझी एकही गाठ नाही. मग इतके दिवस मी काय शिवत होते गं?" मी तिच्या हातातली गोधडी सरळ करू लागले. तेव्हा तीच हसली. "उसवून उसवून तुझेच डोळे जायचे, बाई."

आम्ही डॉक्टरांकडे जातोय. जेवण झाकून ठेवलंय, गरम करून घे. नव्या दुकानाची पाटी रंगवायला देऊ नकोस. रंगाऱ्याला तूच फोन कर, मला जमणार नाही.

आज चहा घेताना आईने बोलता बोलता पुन्हा ते नवं दुकान मनात मांडायला घेतलं. दाराशी तान्ह्या बाळांच्या गोधड्या, आत मोठ्या. चार महिने मी नुसती मान डोलावत आले. आज कप खाली ठेवला आणि म्हणाले, "आई, आपण दुकान काढायचं नाही."