पिंजऱ्याखालचा गाळ

आबा, तुम्ही समुद्र कधी पाहिला नाहीत, म्हणून आधी तोच सांगायचा होता. पण डोक्यात गाळच बसलाय. मी सध्या कोकणात एका खाडीच्या तोंडाशी असतो. पाण्यात जाळ्यांचे मोठे पिंजरे सोडलेत, त्यांत जिताडा मासा वाढवतात. त्याला दाणा टाकायचं काम माझं. शिक्रापूरची कंपनी सोडली, दौंडला स्टेशनाबाहेर कलिंगडं विकली, मग एका ट्रकवाल्याच्या ओळखीनं इकडं आलो. ट्रकवाला मोठा गमतीचा माणूस, पण ते राहू द्या.

अधूनमधून दोरीला डबा बांधून आम्ही तळाचा गाळ वर काढतो. पिंजऱ्यांपासून लांबचा काढला की त्यात तिसऱ्यांचे जिवंत शिंपले, नखाएवढे खेकडे, नाना तऱ्हेचे किडे वळवळत असतात. पिंजऱ्याखालचा मात्र काळाकुट्ट, नासक्या अंड्याच्या वासाचा. माशांनी न खाल्लेला दाणा आणि त्यांची घाण तिथंच साचते. जिवंत म्हणाल तर दोऱ्यासारखे बारीक तांबडे किडे. बाकी रिकाम्या शिंपा.

परवा तो वास नाकात गेला आणि मला आपला तळेगावचा झेंडू दिसला. पोल्ट्रीवरून कच्चं कोंबडखत आणून तुम्ही अख्ख्या वाफ्यावर पसरलंय, दसऱ्याला फुलं बघच म्हणताय. आठवडा सरत नाही तोच रोपं करपतात. आई बांधावर उभी. "अवो, रोपांना जेवाय घातलं का पुरलं?" तुम्ही रागावला नाहीत. "जास्त झालं," एवढंच म्हणालात आणि वाफा पड ठेवलात. मी सारखा विचारायचो, आता लावायचं? तुम्ही मूठभर माती माझ्या नाकाशी धरायचात. "गांडूळ न्हाई आलं अजून. दम खाऊ दे तिला." ते आलं तेव्हा तुम्ही मला हाक मारून दाखवलंत, पाहुणा आल्यासारखं.

म्हणून मी पिंजऱ्यांच्या मालकाला, शेठला म्हणालो, "पिंजरे हलवा. ही जागा पड ठेवाय पाहिजे, खालचं सगळं मेलंय."

"तू मासेवाला का शेतकरी रे?"

"शेतकऱ्याचाच हाय. पलीकडं बाया ओहोटीला तिसऱ्या काढत्यात. हे पसरत तिथवर गेलं तर त्यांनी काय करायचं?"

शेठनं डबा हुंगला, तोंड वाकडं केलं. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "तयार माल काढू, मग पिंजरे उचलू. नवी जागा मिळेपर्यंत काम बंद. तुझं काय, तू भटक्या. कुठंही जाशील."

मी व्हय म्हणालो.

आता माल निघालाय, उद्या पिंजरे ओढून नेतील. मी पिशवी भरायला घेतली आणि मधेच हे लिहीत बसलो. तुम्ही आता जिथं आहात तिथं पोचायला हे कुठल्या पेटीत टाकायचं, ते काही ठाऊक नाही. आजवर कुठलीही जागा सोडताना मला मोकळं वाटायचं. या वेळी जावंसं वाटत नाही, आबा. शेठला हे बोललो नाही. नाहीतर तेच निमित्त करून तो पिंजरे तिथंच ठेवायचा.