एका शब्दाला किती राबवायचं

ता. ६

चि. भिंगरीस आजीचे आशीर्वाद. लेखणी नेहमीप्रमाणे शेजारच्या शिंप्याची, तोंड माझं.

मागे तू कळवलंस, की तुमच्या कारखान्यात बाटलीत भरतात तो फळांचा क्रश, फळं चिरडतो तो क्रशर, आणि तो दुरुस्त करणारा मेकॅनिक आवडतो तर तोही क्रशच. एका शब्दाला किती राबवायचं गं? आम्ही लसूण ठेचतो, दाणे कुटतो, धान्य भरडतो, गर्दीत चेंगरतो. जीव मात्र जडतो, त्याला यंत्र लागत नाही.

आता मुद्द्याचं. या खेपेचं पत्र तू लिहिलेलं नाहीस. शिंपी म्हणतो अक्षर छान आहे. अक्षरातलं मला काय कळतंय? पण जन्मभर पत्रं सांगत आले आहे. सांगणारा दोन वाक्यं बोलतो, लिहिणाऱ्याला गाठू देतो, मग पुढे जातो. तुझं पत्र एरवी धापा टाकत येतं. हे जागोजागी थांबत आलं. तुझ्या हाताला काय झालंय? चार दिवस मी घरात नुसती येरझारा घालते आहे. शिंपी म्हणतो फरशी झिजेल.

आणि लिहिणाऱ्या बाबा, तू जो कोण असशील तो, ती म्हणेल हे लिहू नकोस. तू लिही.

लोभ आहेच, सध्या धास्तावलेला आहे.
तुझी आजी


ता. ११

ती. आजींना शि. सा. नमस्कार.

लिहिणारा मीच, मेकॅनिक. तिला एका हाताने पाकीट फोडता येईना, म्हणून मी फोडलं आणि मोठ्याने वाचलं. क्रशच्या ओळीपर्यंत आलो तेव्हा उशीर झाला होता. तेव्हापासून ती भिंतीकडे तोंड करून आहे.

क्रशरवरची संरक्षक जाळी तुटली होती. मी यंत्र बंद ठेवा म्हटलं, साहेबांनी ऐकलं नाही. तिचा उजवा हात फळं चिरडणाऱ्या रुळांत ओढला गेला. दोन बोटं डॉक्टरांना वाचवता आली नाहीत, बाकीची हलतात. कळलं तर तुम्ही तिला घरी बोलावून घ्याल, नोकरी सुटेल, या धाकाने तिने लपवलं. तिला तपासणी विभागात जागा देऊ म्हणतात. हे सगळं ती लिहू नकोस म्हणत होती.

आपला लोभ मिळाला तर हवा आहे.
मेकॅनिक


ता. १५

चि. भिंगरीस आशीर्वाद.

रडून झालं. शिंप्याने कागद बदलला, पहिला भिजला.

घरी बोलावणार नाही. नोकरी तुझी, तू ठरव. जाळी नवी बसल्याशिवाय त्या यंत्राजवळ कुणालाही जाऊ देऊ नकोस, साहेब काही म्हणोत. मेकॅनिकविषयीचं तुझं गुपित माझ्या तोंडून फुटलं, ते आता तुमचं तुम्ही निस्तरा. मुलगा लपवाछपवी करत नाही, एवढं मी पाहिलं.

माझी पिशवी भरून दाराशी ठेवली आहे. पण बोलावल्याशिवाय यायची नाही, नाहीतर म्हणशील म्हातारी पाळत ठेवायला आली. त्याला लिहायला सांग. ‘ये’ म्हणायला बोटं लागत नाहीत.

वाट बघणारी
आजी