आक्काच्या जागी सावळीराम

नाशिक, ४ नोव्हेंबर २००१

चि. पुंजाराम यास वत्सलाआक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

कांदा निघाला का? यंदा भाव बरा म्हणतात, म्हणजे तुझी कुरकुर जरा कमी असेल.

माझ्याच्यानं आता सतरंजीवर मांडी घालून बसवत नाही, आणि आमच्या सलोखा केंद्राचं सगळं कामच सतरंजीवरचं. गुन्हा करणारा आणि ज्यांचं नुकसान झालं ते घर समोरासमोर बसतात. ‘याला माफ करा’ असं मात्र त्या घराला कुणी म्हणायचं नाही, हा आपला नियम. पुढच्या महिन्यात मी प्रमुखपद सोडते आहे. माझ्या जागी सगळ्यांनी सावळीरामचं नाव घेतलं. हो, तोच, तुझ्या बहिरूचा जीव ज्याच्या हातून गेला, तो. तुरुंगातून सुटल्यापासून इथे राबतो आहे, त्याच्याइतकं शांतपणे कुणी ऐकून घेत नाही. मंडळी म्हणाली, तुझ्या घराची संमती हवी. मी सांगितलं, माझ्या भावानं त्याला बैठकीत सर्वांसमोर माफ केलंय. तरी दोन ओळी पाठव. आणि कार्यक्रमाला नवसाबाईला घेऊन ये, किती वर्षांत तिचं तोंड दिसलं नाही!

माया आहेच, ती आटू देऊ नकोस.
तुझी,
वत्सलाआक्का

नामपूर, १२ नोव्हेंबर

ती. आक्काच्या चरणी पुंजारामचा नमस्कार. वि. वि.

संमती पाठवत नाही. रागावू नकोस, आधी पूर्ण वाच.

त्या बैठकीत मधोमध तू बसली होतीस. तोंडानं काही म्हणाली नाहीस, पण नजर माझ्यावरच लावून होतीस. चारचौघांत सख्ख्या बहिणीला तोंडघशी कसं पाडू? म्हणून माफ केलं म्हणालो. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मला घरी येऊन घास गिळवेना. नवसाबाईला तर तू बोलावलंच नाहीस, रडारड होईल म्हणालीस. अगं, पोर तिचंही होतं ना! ती तुझ्याकडे का येत नाही, हे तू आजवर एकदाही विचारलं नाहीस.

सावळीरामबद्दल मी वाईट बोलत नाही. पण माझं नाव पुढे करून त्याला बसवू नकोस.

थोरली आहेस, जास्त बोललो असेन तर पोटात घाल.
तुझा,
पुंजाराम

नाशिक, १८ नोव्हेंबर

सौ. नवसाबाई हिस,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही, म्हणून नमस्कारच लिहिते.

पुंजारामचं पत्र सावळीरामला वाचून दाखवलं. ‘त्या माउलीनं नको म्हटलं तर सतरंज्या झटकीन, पण त्या जागेवर बसणार नाही,’ एवढंच तो म्हणाला. कार्यक्रम मी थांबवला आहे. तेव्हा तुला विचारलं नाही, ते आता विचारते. तू नाही म्हणालीस तर नाही. कारण सांगायची गरज नाही.

जमेल तेव्हा उत्तर दे, मी वाट बघते.
वत्सला

नामपूर, २७ नोव्हेंबर

वन्संना नवसाबाईचा नमस्कार.

धाकट्या लेकीकडून, मनीषाकडून लिहून घेतेय. बोलते तसंच लिही म्हटलंय तिला.

तुमचं पत्र ह्यांनी वाचून दाखवलं, मी लय रडले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला कुणी विचारलं.

मी त्याला माफ केलेलं नाय. पुढंही करणार नाय, तसं त्याला सांगा. मार्केटात कांद्याचा ट्रॅक्टर पुढं घ्यायच्या भांडणात माझं जवान पोर गेलं. अजून दारात ट्रॅक्टर थांबला की माझा जीव खालवर होतो.

पण बसवा त्याला तुमच्या जागी. दुसरा कुणी भला माणूस आला, तर तोही कुणाच्या तरी आईकडं बघत राहील, आता सोडून दे बाई म्हणून. ह्याची ती हिंमत व्हायची नाय. एका आईनं आपल्याला माफ केलं नाय, हे त्याला रोज ठाऊक राहील.

कार्यक्रमाला मी येणार नाय. तुम्ही मात्र इकडं या. तुमच्याशी माझं भांडण हाय, ते पत्रात मावायचं नाय.

तुमची,
नवसाबाई