आधीसारखं करत आहोत

२ मार्च, रविवार
फुकटच्या अपडेटचा खरा खर्च : अख्खा रविवार, दोनदा गार झालेला चहा, आणि स्वयंपाकाचा कंटाळा म्हणून चिवड्यावर भागवलेलं जेवण. पदरात काय? परत पहिल्यापासून. घरचा कॉम्प्युटर अर्ध्याच्या पुढं जातो, थबकतो, मग पाटी येते : 'बदल जमले नाहीत. आधीसारखं करत आहोत. बंद करू नका.' आधीसारखं म्हणजे कधीसारखं, ते लिहीत नाही.
महिनाअखेरीला बिलांचा प्रोग्राम जुन्या सिस्टीमवर बंद होणार. वर्कशॉपची बिलंच निघणार नाहीत मग. करणं भाग.

४ मार्च
पुन्हा तेच. शेवटी आपली पद्धत. स्क्रूड्रायव्हरचं टोक कॉम्प्युटरच्या डब्याला, मूठ कानामागं दाबून. पंख्याचं बेअरिंग चांगलं. डिस्क फिरते, घासत नाही. पंपाच्या जळालेल्या मोटारींत तार भरता भरता तयार झालेला कान हा. कंधार, बिलोलीहून लोक मोटार घेऊन येतात ते याच्या जिवावर. मला ऐकू आलं नाही म्हणजे बिघाड नाहीच.
संध्याकाळी घरी आलो तर हॉलचा पडदा ओढलेला. सकाळी मीच ओढला असेल.

७ मार्च
शेजारच्या दुकानातला इम्रान आला. कॉम्प्युटर दुरुस्त करतो. बसल्या बसल्या म्हणाला, "चाचा, बिघाड न्हाई. जागाच न्हाई." डिस्क आवाजाच्या फायलींनी गच्च. सुलू भजनाचा सराव रेकॉर्ड करायची, तो प्रोग्राम अजून आपोआप सुरू होतो. माईकही तसाच. खोलीत कोणी बोललं-गायलं की नोंद करतो, शांत झालं की थांबतो. ती दिवाळीत गेली. त्याला कोणी सांगितलं नाही.
पुसून टाकू का, विचारलं त्यानं. थांब म्हटलं. तो फायलींची यादी खाली खाली बघत गेला.
"चाचा, दुपारी घरात कोन असते?"
कोणी नाही. मी वर्कशॉपला, दाराला कुलूप. "पन रोज दुपारची एक फाईल हाय," तो म्हणाला.
त्यानं हेडफोन लावला. काढला. चहा टाकला होता, न घेताच गेला.

८ मार्च
मीही ऐकलं, आवाज पार वर करून. नुसतं सूं. इम्रान भित्रा.

१४ मार्च, धूळवड
लेक मीना लातूरहून आली. दारातच तिची कुरकुर, बेल दाबून बोट दुखलं म्हणे. बेल गेलेली दिसते, बदलू.
परवा दुपारची फाईल तिला लावून दिली. डोळे मिटून बसली.
"आई हाय, अप्पा."
काय म्हणते, विचारलं.
"अहो, पडदा ओढा. ऊन येऊन राहिलं."
खिडकी पश्चिमेची. ऊन थेट कॉम्प्युटरवर पडतं, मशीन तापतं म्हणून सुलू रोज मागं लागायची. आठवणीनं भास होतो, असं पोरीला समजावलं. तिला पटलं नाही. मला?

१५ मार्च
दुपारच्या फायली पेनड्राईव्हवर घेतल्या. मीनानं तिच्या लॅपटॉपवर लावल्या. काहीच नाही म्हणते. या मशीनवर लावली की आई. म्हणजे इथून पुसलं की गेलं.
एसटीत बसता बसता म्हणाली, पुसू नका. म्हटलं, अख्खं नांदेड माझ्या कानावर भरोसा ठेवतं, तू ठेव की. मला ऐकू येत नाही म्हणजे नाही.
"आईला दहा हाका माराव्या लागायच्या, तवा कुठं जायचा हा कान?"
गाडी सुटली. तिलाच शेवटचा शब्द. आईवर गेली.

२१ मार्च
नवी बेल. बसवणारा म्हणतो, जुनी चालूच होती.

२४ मार्च
सोक्षमोक्ष लावायचा म्हणून पडदा बाजूला करून सुतळीनं बांधला. वायंडिंगची गाठ, माझ्या हातची. कापल्याशिवाय सुटत नाही. खिडकी बंद, कुलूप दोनदा ओढून पाहिलं.
संध्याकाळी पडदा ओढलेला. सुतळी कापलेली नाही. घडी घालून कीबोर्डवर. सुलू सुतळी अशीच…

२५ मार्च
काही लिहावंसं वाटत नाही. वर्कशॉपला उशिरापर्यंत बसलो.

२९ मार्च
मीनानं फोनवर लकडा लावून कानाच्या डॉक्टरांकडं धाडलं. त्यांनी एक लोखंडी चिमटा ठोकला, कानाजवळ धरला. म्हटलं, वाजवा की. म्हणाले, वाजून राहिलाय. मग कानामागच्या हाडाला टेकवला. घणघणला.
"तुम्ही हाडातून ऐकता, काका. कानातलं बारीक हाड जखडलंय. बाहेरचा आवाज आत पोचतच नाही नीट."
कधीपासून?
"वर्षं झाली असतील."
तुमच्या बाईंचा आवाज बारीक होता का, असंही विचारलं त्यांनी. होता.
बिलांची मुदत परवा. इम्रानला उद्या पुसायला बोलावून ठेवलंय, नको म्हणून अजून सांगितलेलं नाही. स्क्रीनवर पाटी आहे : 'पुन्हा प्रयत्न करायचा?' स्पीकरवर दुपारची फाईल चालू आहे. स्क्रूड्रायव्हर त्याच्याशेजारी ठेवलाय. टेकवायचा तेवढा बाकी.
डॉक्टरांनी लिहून दिलंय : दोन्ही कान निम्म्याहून कमी.