भिंतीवरचा पंजा

पुणे, २ जून २०२४

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर आपण भांडतो, म्हणून लिहिते. फोटो पाहिला. घरभरणीला आईने चुन्याच्या भिंतीवर उमटवलेला हळदीचा पंजा बोटांपाशी पार पुसट झालाय. आई गेल्यापासून तात्या रोज सकाळी त्यावर हात ठेवतात, त्यानेच रंग निघतोय. त्यांना तूच सांग, माझ्याने सांगवत नाही.

आमच्या संग्रहालयात जुन्या चित्रांना लावतो ते पातळ रेझिन मी दिवाळीला आणते. त्यातून भिंतीतली ओल बाहेर पडत राहते, आणि नको झालं तर ते काढताही येतं. तोवर तुझं कारखान्यातल्या फरशीचं इपॉक्सी तिकडे फिरकू देऊ नकोस. तुझा काही भरवसा नाही.

लोभ भांडणातही असू दे.
तुझी वृषाली

तिसगाव, १८ ऑगस्ट

चि. वृषालीस,
अ. उ. आ.

माझा भरवसा नव्हता तेच बरोबर. तात्यांना हात लावू नका म्हणायला जीभ रेटेना. म्हटलं, वरून काचेसारखा थर बसला की खुशाल ठेवतील. सुप्याच्या कारखान्यात मी केलेल्या फरशीवरून गाड्या फिरतात, पंज्याला काय होतंय. इपॉक्सीचे दोन हात मारले. तात्यांनी हात ठेवला, गार लागतंय म्हणाले, आणि परत भिंतीकडे गेलेच नाहीत.

पावसात भिंत ओलावली. ओलीला वाट नाही, थर फुगला, आणि काल पंज्यासकट पाटाएवढा पोपडा खाली आला. आईच्या लुगड्यात गुंडाळून ठेवलाय. तात्यांना तोंड दाखवायची लाज वाटते. काही होईल का? शिव्या दे, पण लिही.

तुझा लोभ उरला असेल तेवढा असू दे.
नितीन

पुणे, २२ ऑगस्ट

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून रडले. रागही आला. इपॉक्सी आता निघणार नाही, पण मागचा चुना आमच्या रेझिनने धरून ठेवता येईल. ३१ तारखेला शनिवारी येते. तोवर मागच्या बाजूला कुणी बोटही लावू नका, भुगा होईल.

लोभ आहे, पण आत्ता विचारू नकोस.
वृषाली

तिसगाव, २६ ऑगस्ट

चि. वृषालीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र यायच्या आधीच तात्यांनी लुगडं सोडलं. पोपडा पालथा केला. हळद पातळ चुन्यात मुरलेली, मागूनही पंजा दिसतो. त्यांनी त्यावर हात टेकवला आणि बराच वेळ काढलाच नाही. म्हणाले, इतके दिवस मी तिच्या हातावर हात ठेवत हुतो, आता ती समोरून माझ्या हातावर ठेवती.

तुझं पत्र मी वाचून दाखवलं. आता रोज तसाच हात ठेवतात, चुना हाताला लागतो, हेही सांगितलं. ते म्हणाले, लागू दे, माझ्यापुरता पुरंल.

शनिवारी नक्की ये. रेझिनची बाटली आणू नकोस.

आमच्यावर लोभ धरून ये.
नितीन