बावीसची चिठ्ठी

४ फेब्रुवारी
हरली! ६-१, ६-२. एक्कावन्न मिनिटं. मोनास्तीरच्या हॉटेलातली टेनिस स्पर्धा, पात्रतेची पहिलीच फेरी, समोर सत्तावीस वर्षांची रुमानियन बाई. गेल्या वर्षी मुलींच्या गटात आमच्या शिराजसमोर कुणी टिकत नव्हतं. येताना लुआज पकडली, वाटणीची टॅक्सी. आमचं सूसा आल्यावर म्हणाली — "बायकांचा चेंडू जड येतो, बाबा. कोपरापर्यंत हादरा बसतो."

६ फेब्रुवारी
जेवताना तिने स्वतःच जाहीर केलं. मार्चअखेरपर्यंत मोठ्यांच्या स्पर्धेत क्रमवारीचा एक गुण — एकच! — नाही मिळाला तर रॅकेट बंद. जूनमध्ये बॅक्लोरिया, म्हणजे शाळेची शेवटची परीक्षा, मग कॉलेज. हयात, म्हणजे तिची आई, लगेच "इन्शाअल्ला" म्हणाली. नक्की कशासाठी म्हणाली ते मी विचारलं नाही.

७ फेब्रुवारी
"बाबा, या वेळी तारा बावीस किलोवर ओढ ना."
पंचवीस. ती चौदा वर्षांची असल्यापासून पंचवीस! तो आकडा मी काढलाय. मला कुणी शिकवलं नाही. हॉटेलातले जर्मन पाहुणे मोडक्या रॅकेटी टाकून जायचे, त्या उसवून उसवून शिकलो. शेवटची गाठ तर माझी स्वतःची — दोन वेढे आतून, शेपूट तिरकं कापलेलं, चार मिलिमीटर. अख्ख्या किनाऱ्यावर तशी गाठ कुणी मारत नाही.
"बावीस कुणी सांगितलं?"
"लतीफकाकांनी."
लतीफ! हॉटेलात तारा ओढतो. विजेचं यंत्र आहे म्हणून स्वतःला इंजिनियर समजतो.
"दोन वर्षांपूर्वीपर्यंत फ्रिज दुरुस्त करायचा तो. त्याला काय कळतंय?"
"माझं कोपर बघून कळलं त्यांना."

८ फेब्रुवारी
चारही रॅकेटी पंचवीसवर ओढल्या.
दांड्याच्या वर नेहमीसारखी चिठ्ठी चिकटवली. निळी शाई, तारीख, ताण. लिहिलं — २२.
सैल तारांवर चेंडू बाहेर जातो. चेंडू बाहेर जायला लागला की पोरीचा धीर सुटतो. हे मला माहीत आहे, लतीफला नाही. वाईट वाटलं का? थोडं. अक्षर मात्र सुबक आलं.

१५ फेब्रुवारी
पुन्हा हरली, पण ६-४, ७-५! "कशा वाटल्या तारा?" — "छान, बाबा. बावीस बरं वाटतं."
पाहा! बावीस म्हणे!

१९ फेब्रुवारी
सकाळी चहाचा ग्लास तिच्या हातातून निसटला. मग लक्षात आलं — भाकरीसुद्धा डाव्या हाताने मोडत होती. डॉक्टरकडे नेलं. कोपराच्या स्नायूला सूज, दहा दिवस रॅकेटला हात लावायचा नाही. त्याने विचारलं, "तारा किती ताणाच्या?"
शिराज म्हणाली, "बावीस."
"मग तारांचा दोष नाही."
मी भिंतीवरचं हाडांचं चित्र बघत राहिलो. हाताची हाडं मोजली. तीस.

२० फेब्रुवारी
कामावर, क्लबच्या कोर्टाच्या लाल मातीवर पाणी मारताना ठरवलं — आज सांगायचं. घरी आलो तर हयात तिच्या कोपराला कोमट ऑलिव्ह तेल चोळत होती. मला बघून शिराज म्हणाली, "माझ्या रॅकेटींना फक्त तुझाच हात हं, बाबा."
नाही सांगितलं.

३ मार्च
चार रॅकेटी, नव्या तारा. यंत्राच्या दांडीवरचं वजन बावीसवर सरकवलं. एक तार ओढली. हाताला पांगळी लागली. आणि तिच्या हातालाही लागणारच! फरक कळेल, विचारेल — मग आधी किती होतं? वजन परत पंचवीसवर.
चिठ्ठी — २२.

१२ मार्च
हरली, तिसऱ्या सेटमध्ये. पण हात अजिबात दुखला नाही म्हणते! हयात म्हणते, माझं तेल. म्हणू दे. तारांवर नख मारून पाहिलं — सूर फारच उतरलेला. जोरात खेळून तारा सैल पडल्या असणार. कापायला घेतल्या तर रॅकेट ओढूनच घेतली. "नको, बाबा. हात बसलाय यांच्यावर. राहू देत." एरवी आठवड्याला नव्या तारांसाठी हट्ट करणारी!

१३ मार्च
पाऊस. कोर्ट बंद.

२६ मार्च
गुण!! पात्रतेचे दोन सामने मारले आणि आज मुख्य फेरीत ६-३, ३-६, ७-५. दोन तास अठ्ठेचाळीस मिनिटं. शेवटचा चेंडू रेषेवर — रेषेची पांढरी माती उडालेली मी पाहिली. जाळीबाहेर उभा राहून असा ओरडलो की पंचाने मान वळवली. हयातने फोनवरच जिभेचा तो लांब आवाज काढला, लग्नात काढतात तसा.
लतीफ येऊन भेटला. "मुबारक, मोन्सेफ. पोरीचा हात मोकळा झालाय."
"तारा कुणी ओढल्यात!" मी म्हणालो.
त्यावर तो टोमणा मारेल असं वाटलं होतं. नुसताच माझा खांदा दाबून गेला.
पंचवीस! सगळे एकीकडे, मी एकीकडे, आणि मी बरोबर होतो. आता हे कधीच कुणाला सांगायची गरज नाही.

२८ मार्च
काल दुसऱ्या फेरीत हरली, पण हसत घरी आली. एका रॅकेटीची तार तुटलेली. ती अजून उठली नव्हती, म्हणून मीच कापायला घेतली.
गाठ माझी नाही.
एकच वेढा, शेपूट सरळ कापलेलं. दुसरी रॅकेट पाहिली. तिसरी. चौथी. सगळीकडे लतीफची गाठ.
चिठ्ठ्या तेवढ्या माझ्या, ३ मार्चच्या. त्यांना कुणी हात लावलेला नाही. लावायची गरजच नव्हती — आता त्या खऱ्या आहेत.

२९ मार्च
तिने विचारलं नाही. मीही नाही. चारही रॅकेटी बावीसवर ओढल्या. चिठ्ठीवरचं अक्षर वाकडं आलं.