बाटलीवरच्या खुणा

उमरगा, सोमवार, ३ जानेवारी १९४४
खोकला दिवाळीतच गेला. मिक्स्चर चालू आहे. औषध अर्धवट सोडणं हा अडाणीपणा. डॉक्टर म्हणाले, माणिकप्पा, ह्यात अफू आहे, आता बंद करा. मी सुनावलं, अफूवाले चावडीमागं पडलेले असतात, मी आडत चालवतो. बाटलीवरच्या कागदी पट्टीची एक खूण म्हणजे एक डोस. दिवसाला तीन. चौथा कधी घेतला नाही.

गुरुवार, ६ जानेवारी
डॉक्टरांची पट्टी फार बारीक कापलेली. बारा खुणा. नजर ठरत नाही. ती भिजवून काढली, घरच्या कात्रीनं नवी कापून चिकटवली. चार खुणा. डोस तीनच. शिस्त म्हणजे शिस्त.

मंगळवार, ११ जानेवारी
बाटली दीड दिवसातच संपते. लढाईमुळं बाटल्या लहान केल्या असणार.

सोमवार, १७ जानेवारी, सकाळी
पूजेला बसलो. गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेतलं आणि हात असा थरथरला की बायकोनं, सिद्धम्मानं, धावत येऊन खालून धरला. थंडी फार. ती म्हणाली, शिवरात्रीला मठाचे स्वामी आपल्या घरी येनार, समद्या गावाम्होरं लिंग हातातनं पडलं तर वं? पडणार नाही म्हणालो. पण भीती वाटली. जेवण गेलं नाही.

बुधवार, १९ जानेवारी
सोडलं. कायमचं. डॉक्टर म्हणतात एकदम सोडू नका, थोडं थोडं कमी करू. त्यांना बाटल्या विकायच्या आहेत. उरलेली बाटली सिद्धम्माकडं दिली, म्हटलं, गटारात ओत.

गुरुवार, २० जानेवारी
दिवसभर जांभया, घाम, पोटात कळा. काहीतरी बाधलं. सिद्धम्मा डॉक्टरांकडं जाऊन आली, गुडघ्यासाठी, म्हणे. संध्याकाळी तिनं गूळ घालून दूध दिलं. तासाभरात उतार. निर्धार असला की असं होतं. दूध जरा कडू. म्हैस कडुलिंबाचा पाला खात असावी.

रविवार, १३ फेब्रुवारी
पंचवीस दिवस झाले. हात हलत नाही. बाजारात डॉक्टर भेटले, चारचौघांत त्यांना ऐकवलं की ह्याला औषध लागत नाही, मर्द लागतो. ते हसले आणि सिद्धम्माला नमस्कार सांगा म्हणाले. हरलेला माणूस दुसरं काय बोलणार.
दूध वेळेवर मिळालं पाहिजे, एवढंच.

शुक्रवार, १८ फेब्रुवारी
सिद्धम्मा बहिणीकडं परंड्याला गेली. शिवरात्रीच्या आदल्या दिवशी येईल. संध्याकाळी सून रुद्रम्मा दूध घेऊन आली. दुसऱ्या हातात बाटली. म्हणाली, मामा, आजची खूण लई बारीक हाय, मला दिसंना, जरा बघता का.
बघितली. पट्टी सिद्धम्माच्या हातची. वरच्या खुणा बोटभर, मग प्रत्येक खूण आधीच्यापेक्षा लहान. खाली चार उरल्यात, तिळाएवढ्या; त्याखाली बाटलीत औषध आहे, पण खूण नाही. शिवरात्रीच्या दिवशी एकही नाही.
लाज वाटली. मग राग आला. नवऱ्याला न विचारता औषध. आणि पट्टी तरी धड कापावी. अशा वेड्यावाकड्या खुणांनी माणसाची प्रकृती बिघडायची. ठरवलं, मीच नीट कापतो. मोजून चार. म्हणजे चारच.
फळी, पेटी, देवघर, सगळं घर पालथं घातलं. शेवटी रुद्रम्माला विचारलं. ती खाली मान घालून म्हणाली, कात्री सासूबाई संगं घिऊन गेल्यात.